मॅनसाहेबांचे जुने कागद आणि आपल्या घरातली वाटणी

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बियाणं, खत, फवारणी यांतलं काही सांगायचं नाही. आज जुन्या कागदांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, जुने कागद आमच्याकडे काय कमी आहेत? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आज्याच्या काळापासूनचे पडलेत, आणि कचेरीत लागेल तेव्हा त्यातला नेमका हवा तो सापडत नाही. खरं आहे. पण मी सांगतोय ते कागद एका शेतकी कॉलेजच्या गुरुजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच मुलखातल्या दोन गावांत फिरून तयार केलेले आहेत. कोणाची जमीन किती, ती किती ठिकाणी विखुरलेली, घराला लागतं किती, येतं किती, देणं किती, हे सगळं घरवार मांडलेलं आहे. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. तरी ज्या घरात सध्या वाटणीचा विषय निघालाय, त्या घराने हे जरूर ऐकावं.

गुरुजींचं नाव हॅरल्ड मॅन. जन्म १८७२ सालचा. माणूस इंग्रज, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली ते इकडे आले ते चहाच्या कामासाठी. काही वर्षं आसामात चहाच्या मळ्यांवर संशोधन केलं आणि १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुण्यात शेतकीचा वर्ग त्याआधीच, १८७९ साली, सायन्स कॉलेजात सुरू झालेला होता. स्वतंत्र शेतकी कॉलेज उभं राहिलं ते मॅनसाहेब आले त्याच सुमारास. आज हे कॉलेज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. पुढे मॅनसाहेब मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर झाले आणि १९२०-३० च्या दरम्यान मायदेशी परतले.

त्यांचे लेख, पत्रिका, अहवाल पुष्कळ आहेत. त्यात मला एक गोष्ट फार आवडते. शेतकरी एखादी गोष्ट करतो, तर तिला आधीच अडाणीपणा म्हणून मोकळं व्हायचं नाही. तो तसं का करतो ते तपासायचं, अशी त्यांची रीत होती. भाताचा राब घ्या. कोकणात, मावळात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात म्हणून जंगलखात्याचा त्यावर डोळा. मॅन, जोशी आणि कानिटकर या तिघांनी १९१२ साली राबावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात, त्याअर्थी त्यात काहीतरी गुण असणार; तो राखेचा, की जमीन तापण्याचा, हे त्यांना शोधायचं होतं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि जमिनीतलं अन्न रोपाला लवकर लागू होतं, हे आता आपल्याला माहीत आहे. राजापूरची गंगा येते नि जाते, त्यावरसुद्धा साहेबांनी परांजप्यांच्या जोडीने लिहून ठेवलंय! असा चौकस माणूस.

नीरा खोऱ्यातल्या मंडळींनी त्यांचा आणखी एक कागद माहीत करून घ्यायला हवा. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चार पैसे आले. आणि पंचवीस वर्षांच्या आत चांगल्या काळ्या जमिनींवर पांढरा थर धरू लागला. १९१० साली मॅन आणि तांहाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर शेतकी खात्याची पत्रिका काढली. कारण आपल्या सगळ्यांना कळतं, वळत मात्र नाही. खोल काळ्या जमिनीला गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं आणि ते निघून जायला वाट ठेवली नाही, की खालचं पाणी वर वर चढतं. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार वरच राहतात. पुढे जमीन चोपण होते, चिखल झाला तर पाय रुततो आणि सुकली तर दगड. यावर उपाय म्हणजे निचऱ्याचे चर, पाणी मोजून देणं, आणि माती तपासून घेऊन चोपण असेल तिथे जिप्सम आणि ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा इशारा छापील कागदावर असताना आजही कृष्णेकाठी, नीरेकाठी शेतं पांढरी पडताहेत, याला काय म्हणावं!

पण हे सगळं बाजूला ठेवून आज मला बोलायचं आहे ते दोन गावांच्या कागदांवर. पहिलं गाव पिंपळे सौदागर, पुण्याजवळ, पवना नदीच्या काठचं. त्यावरचं पुस्तक १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या मालेत इंग्रजीत निघालं. दुसरं जातेगाव बुद्रुक, शिरूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव. त्यावरचं पुस्तक १९२१ सालचं, त्यात मॅन यांच्याबरोबर कानिटकरांचं नाव आहे.

आता पिंपळे सौदागरचे आकडे नीट ऐका. पेशवाईत, १७७१ साली, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ती साडेसतरा एकर. १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकर. आणि १९१४-१५ साली मॅनसाहेबांची माणसं मोजायला गेली तेव्हा ७ एकर.

हा आकडा नुसता ऐकून 'अरेरे' म्हणायचं नाही. ४० एकरांच्या काळात सगळी जमीन काही दरसाल पिकत नव्हती. पड जमीन, गवताळ बांध, माळ त्यात असायचा, आणि माणसंही थोडी होती. तेव्हा पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणत नाही. मला दाखवायचा आहे तो उतार. तो उतार पुढे थांबला नाही. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचा शेतीगणनेचा आकडा बघा. १९७०-७१ साली सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आलं, म्हणजे सव्वातीन एकर. पिंपळे सौदागरला जो उतार लागला होता, तसाच उतार राज्यात या पंचेचाळीस वर्षांत दिसतो.

पण मॅनसाहेबांनी खरं बोट ठेवलं ते दुसऱ्या ठिकाणी. सात एकर म्हणजे सात एकर एका जागी नव्हते. त्या गावात १५६ जमीनमालक होते आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे होते ७२९. म्हणजे एकेकाला सरासरी साडेचार-पाच जागी जायचं. त्या ७२९ पैकी ४६३ तुकडे एकराच्या आतले. आणि ११२ तुकडे पाव एकराच्याही आतले, दहा गुंठ्यांच्या खालचे! औत धरून दहा पावलं चाललं की वळायची वेळ.

असं का होतं? भाऊ वेडे असतात म्हणून नव्हे. नदीकाठचा मळा एकाला दिला आणि मुरमाड टेकाड दुसऱ्याला दिलं, तर तो अन्यायच. म्हणून मळ्यातलं थोडं, काळ्यातलं थोडं, माळावरचं थोडं, असं प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा देतात. त्यात न्याय आहे, आणि थोडा शहाणपणाही आहे, कारण एखाद्या साली वरच्या रानात पिकतं तेव्हा खालचं पाण्याखाली असतं. तर मग खोट कुठे आहे? ते मी तुम्हाला हिशेबानेच सांगतो.

समजा, चार भावांचं एक चार एकरांचं वावर आहे. ४०० फूट रुंद आणि साधारण ४३५ फूट लांब. चौघांनी लांबीत उभ्या चार पट्ट्या पाडल्या. प्रत्येकी एक एकर, १०० फूट रुंदीची पट्टी. मध्ये तीन बांध आले. बांध चार फुटांचा धरा. तीन बांधांखाली सव्वापाच हजार चौरस फूट जमीन गेली, म्हणजे जवळपास पावणेपाच गुंठे. पुढच्या पिढीत प्रत्येकाचे दोन झाले तर पट्ट्या आठ, बांध सात, आणि बांधाखाली अकरा गुंठे. १६० गुंठ्यांतले अकरा गुंठे कोणाच्याच नाहीत. त्यावर हराळी, गाजरगवत आणि भांडणं एवढंच पीक येतं. पट्टी आता ५० फुटांची. ट्रॅक्टर आडवा फिरत नाही, पेरणी उभीच करावी लागते. फवारा मारला तर शेजाऱ्याच्या भाजीवर जातो. विहीर एका पट्टीत, मग बाकी सातजणांची पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधावरून.

यात अजून एक गोम आहे. वरच्या अंगाची जमीन हलकी, खालच्या अंगाची भारी, म्हणून प्रत्येकाला दोन्ही मिळावं यासाठी पट्ट्या बहुधा उताराच्या दिशेने पाडतात. मग बांध उताराला उभे, पेरणीही उताराला उभी. प्रत्येक सरी म्हणजे पाण्याची पन्हाळ झाली. मोठा पाऊस पडला की वरची माती सरळ ओढ्यात. मॅनसाहेबांबरोबर काम केलेले हे कानिटकर, पुस्तकावर त्यांचं नाव एन. व्ही. कानिटकर असं आहे. तर या कानिटकरांनी पुढे मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रावर कोरडवाहू शेतीचं मोठं काम केलं. त्या कामाचं सार काय? बांधबंदिस्ती करून पाणी शेतातच जिरवा, उताराला आडवी मशागत करा, बी बेताचं टाका, दोन ओळींत अंतर ठेवा, कोळपण्या वेळेवर द्या. यातलं एकही ५० फुटांच्या उभ्या पट्टीत धड करता येत नाही. वाटणीचा कागद करताना आपण फक्त क्षेत्र बघतो. उतार कुठे आहे, ते कोणी बघत नाही.

सरकारने या तुकड्यांवर कायदाही केला. १९४७ सालचा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. तुमच्या सात-बारावर पूर्वीच्या सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर आहे ना? तो त्या एकत्रीकरणातूनच आला. काही गावांत ते नीट झालं. पुष्कळ गावांत कागदावर गट एकाच्या नावे आणि प्रत्यक्ष नांगर दुसऱ्याचा, असा घोळ होऊन बसला आणि तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्या. असा आपसातला ताबा बारा वर्षांहून जास्त काळ एकमेकांकडे असेल, तर नाममात्र मुद्रांक शुल्कात अदलाबदल करून घेण्यासाठी शासनाने २०२३ साली सलोखा योजना काढली. तुमच्या गावात असं प्रकरण असेल तर तलाठ्याकडे चौकशी करा, योजनेची मुदत आणि अटी त्यांच्याकडून समजून घ्या. किमान किती क्षेत्राचा तुकडा पाडता येतो, तो नियमही मधून मधून बदलत आलाय. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि जाता जाता एक. वाटणीत बहिणी धराव्या लागतात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलासारखाच आहे. हक्कसोडीवर सही घ्यायची घाई करून रक्षाबंधन कायमचं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. जे काय ठरायचं ते तिला समोर बसवून ठरवा.

आता त्या कागदांचा दुसरा भाग. मला विचाराल तर तोच जास्त मोलाचा. तुकडे मोजल्यावर मॅनसाहेब थांबले नाहीत. त्यांनी घराचा हिशेब मांडला. गावकऱ्यांच्याच राहणीच्या मापाने घराला खायला, ल्यायला वर्षाला काय लागतं, ते धरलं. साहेबाच्या बंगल्याच्या मापाने नव्हे, हे लक्षात घ्या. मग शेतीतून काय सुटतं, बाहेरच्या कामातून काय मिळतं आणि कर्जाचं व्याज किती जातं, हे समोर ठेवलं. पिंपळे सौदागरची १०३ घरं अशी तपासली. नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागतं अशी घरं निघाली ८. शेती आणि बाहेरची कमाई मिळून ज्यांचं भागतं अशी २८. आणि दोन्ही मिळूनही ज्यांची तोंडमिळवणी होत नाही अशी ६७. म्हणजे शंभरात पासष्ट घरं दरसाल थोडी थोडी खचत होती.

लोक म्हणाले असतील, हे गाव शहराच्या कडेला, त्याला शहराचा वारा लागलेला; खरं खेडं बघा. म्हणून मग जातेगाव बुद्रुक घेतलं, पुण्यापासून लांबचं, पावसावर जगणारं. तिथे काय निघालं? शंभरात पंच्याऐंशी घरं खचणारी. शहराजवळच्या गावाला निदान बाहेरचं काम होतं. जातेगावला पाऊस गेला की सगळंच गेलं.

मला यातून जे दिसतं ते सांगतो, पटलं तर घ्या. आपण घराची स्थिती एकरांवर मोजतो. 'त्याचे काय, बारा एकर आहेत' असं म्हणतो. किंवा उताऱ्यावर मोजतो, 'एकरी इतके पोते निघाले'. मॅनसाहेबांनी मोजलं ते घर. त्यांच्या कागदात जास्त जमीनवाला बुडताना आणि कमी जमिनीचा पण बाहेर एक माणूस कामाला असलेला तरताना दिसतो. आजही गावात तेच आहे. ज्या घरातला एक मुलगा कारखान्यावर किंवा शाळेत नोकरीला आहे, त्या घराच्या शेतात ठिबक लवकर येतं. यात त्या शेतकऱ्याच्या हुशारीचा भाग असतो, पण पगाराचाही असतो. आणि ज्याला ते समजत नाही तो शेजाऱ्याची बरोबरी करायला कर्ज काढतो.

एक तक्रार मात्र मी त्या कागदांबद्दल करीन. हे सगळं इंग्रजीत छापलं गेलं. ज्यांच्या घरातल्या ज्वारीच्या पायलीपासून ते व्याजापर्यंत सगळं लिहिलं, त्यांना ते वाचता येण्यासारखं नव्हतं. पंडितांनी ते वाचलं, कमिशनांपुढे त्याचे दाखले दिले, अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते ७२९ तुकडे वर्षानुवर्षं छापून येत राहिले. १९६७ साली डॅनियल थॉर्नर या अभ्यासकाने साहेबांचे विखुरलेले लेख जमवून मुंबईत पुस्तक काढलं, तेही इंग्रजीत. ज्याचं दुखणं त्यालाच कागद मिळाला नाही. म्हणून आज रेडिओवरून हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आता पिंपळे सौदागरला जाल तर हे गाव ओळखू येणार नाही. ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलंय. त्या तुकड्यांच्या जागी उंच इमारती आहेत, आणि जिथे दहा गुंठ्यांत औत वळत नव्हतं तिथे आज दहा गुंठ्यांवर कितीतरी बिऱ्हाडं राहतात. पण तुमचं माझं प्रत्येक गाव काही शहरात जाणार नाही. आपल्याला त्याच शिवारात राहायचं आहे.

म्हणून काय करायचं ते सांगतो. वाटणी व्हायच्या आधी, निदान एक वर्ष, घराचा कागद मांडा. मॅनसाहेबांच्या माणसांनी परक्याच्या घराचा मांडला, आपण आपल्या घराचा मांडायला काय हरकत? शाळेतल्या पोराची दोनशे पानी वही पुरते.

पहिल्या पानावर जमीन. गट नंबर, क्षेत्र, आणि त्यापुढे सात-बारावर नसलेल्या गोष्टी: माती किती खोल, उतार कोणत्या अंगाला, पाणी साचतं का, वाट कोणाच्या बांधावरून आहे, विहिरीत वाटा किती आणि पाळी कशी. वाटणीतली निम्मी भांडणं वाट आणि पाणी यांवरूनच होतात. हा मजकूर वडील जिवंत असताना त्यांच्या तोंडून लिहून घ्या.

पुढची पानं खर्चाची. बी, खत, औषध आपण लिहितो, कारण दुकानदाराची पावती असते. राहतं काय, तर घरची मजुरी. बायकोने आणि आईने खुरपलं, त्याचे दिवस लिहा. स्वतः रात्रीचं पाणी धरलं, ते लिहा. बैलांचा चारा, ट्रॅक्टरचं भाडं, बाजारात माल नेण्याचं भाडं, हमाली, तोलाई लिहा. त्यासमोर विक्रीची पट्टी चिकटवा. घरी खाल्लेलं धान्यही उत्पन्नात धरा, त्या दिवशीच्या बाजारभावाने. मॅनसाहेबांच्या कागदात ते धरलेलं आहे, आपण मात्र घरच्या ज्वारीला फुकट समजतो.

कर्जाचं पान वेगळं ठेवा. सोसायटीचं किती, बँकेचं किती, दुकानदाराची उधारी किती, सोनं गहाण असेल तर ते, आणि हातउसने. मुद्दल एका रकान्यात, व्याज दुसऱ्यात. हे पान घरातल्या सगळ्यांना दाखवा. पुष्कळ घरांत कर्त्याच्या डोक्यातच कर्ज असतं आणि तो गेल्यावर दारात माणसं उभी राहतात तेव्हा बाकीच्यांना कळतं.

आणि शेवटचं पान पावसाचं. यालाही मॅनसाहेबांचाच दाखला आहे. दख्खनच्या १८६५ ते १९३८ या काळातल्या पावसाचा आणि दुष्काळाचा त्यांनी अभ्यास केला आणि ते पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांचं वय ८३. इथून जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तरी दख्खनच्या पावसाचा विचार त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. १९६१ साली ते वारले. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा झाडापासून आणि घरापासून दूर, उघड्यावर घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतलं पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं, तारखेपुढे लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. हवामानखात्याची वेळही हीच आहे. मंडळाच्या यंत्रावर पडलेला पाऊस आणि आपल्या वावरात पडलेला पाऊस यात किती फरक असतो, ते एका हंगामात दिसेल. विमा कंपनी अर्थात तुमच्या डब्याचा आकडा धरणार नाही. पण पेरणी कधी करायची, कोणत्या रानात कोणतं पीक घ्यायचं, हे ठरवायला तो तुमच्या उपयोगी आहे.

वर्षभराची अशी वही झाली की चारही भाऊ, बहिणी, आई-वडील असे एका रात्री एकत्र बसा आणि ती मोठ्याने वाचा. मग ठरवा. कदाचित असं निघेल की जमीन कागदावर वाटावी, पण कसायची एकत्र आणि पीक वाटून घ्यायचं. कदाचित असं निघेल की मळा धाकट्याने घ्यावा, माळाची मोठी पट्टी थोरल्याने, आणि फरक पैशात भरून द्यावा. एखाद्याची नोकरी असेल तर तो म्हणेल, माझा वाटा तुम्हीच करा, मला दरसाल दोन पोती धान्य द्या. वाटणी करायचीच असली तर निदान उताराला आडवी करा, सामाईक वाट आणि विहीर कागदावर स्पष्ट लिहा, आणि सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे रीतसर अर्ज करून मोजणीनिशी नोंद करून घ्या. तोंडी वाटणीवर नातवांनी भांडावं असं ठेवू नका.

वही पाडव्याला सुरू केलीत तर सालगड्याच्या हिशेबाशी जुळेल. पाडवा दूर असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी वही आणा आणि पहिल्या पानावर गट नंबर लिहा.

राम राम.